पिवळं कार्ड

सेवकरामच्या अंगणात टेकचंदने मोटारसायकल उभी केली, तेव्हा शेजारच्या दोन घरांतली माणसं बाहेर येऊन पाहू लागली. पन्नास वर्षं एकाच गावात काढून टेकचंद या बौद्ध वस्तीत पहिल्यांदा थांबत होता. एरवी तो इथून नुसता जायचा, तेही वेग कमी न करता.

बोलायचं काय, ते त्याने वाटेत पक्कं केलं होतं. आपण मोठ्या मनाने होकार द्यायचा. सेवकरामचे डोळे भरून येतील. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा की नाही, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

टेकचंदची मुलगी गुंजन तालुक्याला, गोरेगावच्या बँकेत होती. सेवकरामचा मुलगा अश्विन कृषी सहायक. दोघांना लग्न करायचं होतं आणि दोन वर्षं टेकचंदचं एकच उत्तर होतं, "त्यांचं रक्त वेगळं, आपलं वेगळं."

मग त्याने समाजातली स्थळं पाहायला घेतली. गुंजनने हट्टाने सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी करून घेतली आणि तिला पिवळं कार्ड मिळालं. म्हणजे तिला स्वतःला त्रास नव्हता, पण दोष रक्तात होता. नवराही पिवळ्या कार्डाचा निघाला, तर मूल लाल कार्डाचं होऊ शकत होतं. लाल कार्ड म्हणजे काय, हे टेकचंदला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याच्या थोरल्या भावाची नात शाळेपेक्षा दवाखान्यातच जास्त असायची. हाडं दुखायला लागली, की आताशा ती रडतही नसे.

तीन स्थळं आली. दोन मुलांची कार्डं पिवळी निघाली. तिसऱ्याच्या बापाने तपासणीचं नाव काढताच बैठक मोडली. अश्विनची तपासणी मात्र साफ होती. जे रक्त वेगळं म्हणून नको होतं, त्याच रक्तासाठी टेकचंद आज या दारात आला होता.

सेवकरामने त्याला खाटेवर बसवलं आणि त्याची बायको पार्वताबाई पाणी घेऊन आली. टेकचंदने गिलासाकडे पाहिलं आणि सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं. आपण थबकलो असं कोणाला वाटायला नको होतं.

"मी विचार केला, सेवकरामभाऊ," तो म्हणाला. त्या नावाला त्याने भाऊ आज पहिल्यांदा जोडला. "जमाना बदलून राहिला. माझी आता ना नाही."

सेवकरामचे डोळे कोरडेच होते.

"पोरीचं कार्ड पिवळं आहे म्हणतात," तो म्हणाला.

"हो."

"आमच्यातले लोक म्हणून राहिले, दोष असलेल्या रक्ताची सून कायले आणता? आपल्यात काय पोरी नाहीत?"

आपल्या पोरीला या वस्तीतून नकार येऊ शकतो, हे टेकचंदच्या ध्यानीमनीही नव्हतं. तो उठून उभा राहिला. मोटारसायकलची किल्ली मुठीत घट्ट झाली, पण तो निघाला नाही.

"तिचा काय गुन्हा?" तो म्हणाला. आवाज त्याच्या ताब्यात राहिला नाही. "तिनं मागून घेतलं काय ते? जन्मासोबत आलं. माणूस कसा आहे ते पाहावं ना. शिकली, कमावते, कोणाचं वाईट केलं नाही कधी. जे तिच्या हाती नव्हतं, त्याच्यासाठी तिले दारातूनच वापस पाठवता?"

सेवकराम मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिला.

बोलली पार्वताबाई. "रविवारी पोरीले घेऊन या. जेवायलेच या सगळे."

"आणि कार्डाचं?"

"माझंही पिवळंच आहे," ती म्हणाली. "तीस वर्षं झाली मले या घरात."

टेकचंद परत खाटेवर बसला. त्याने सेवकरामकडे पाहिलं. "मग मले हे विचारलं काऊन?"

"दोन वर्षांआधी अश्विन तुमच्या ओसरीत उभा राहून हेच बोलून राहिला होता," सेवकराम म्हणाला. "तुम्ही त्याले मधातच थांबवलं. मी तुमाले पूर्ण बोलू दिलं."