सार्जंटच्या फिती

२००५च्या एप्रिलात गुडघे साथ देईनात, तेव्हा जगदीशने आपला लाल कोट लेकीला दिला. कॉव्हेंट्रीतली हौशी मंडळी नेपोलियनच्या काळातल्या लढाया मैदानात पुन्हा रंगवायची. त्यांच्या इंग्रजी पलटणीत तो सार्जंट होता. “आणि घरी शिपाई,” बायको म्हणायची. लेकीने कोट चढवताच त्याने उजव्या बाहीवरच्या तीन पांढऱ्या फिती उसवायला घेतल्या. “प्लीज बाबा, स्ट्राइप्स राहू दे ना. तुझी आठवण.” “नवा माणूस शिपाईच असतो, बयो. पलटणीचा नियम. मीही तिथूनच चढलो.” शेवटचा टाका तुटला. सारा कोट उन्हापावसाने विटला होता, पण फितींखालचं कापड पहिल्या दिवसाइतकंच लाल होतं. तीन खुणा उठून दिसत होत्या. त्यांवरून अंगठा फिरवत तो म्हणाला, “उन्हाळाभर ऊन लागलं की बुजतील.” तिने बाही पोटाशी घेतली. “मग मी सावलीत उभी राहीन.”