मैदानावरून

पहिला फटका टीव्हीवर बसला. काच खळकन फुटली आणि क्रीडा विभागातली तिघं टेबलांखाली गेली. चौथा, म्हणजे बातमीदार, खुर्चीतच राहिला, कारण त्याची कॉलर आधीच कुणाच्या तरी मुठीत होती.

मूठ गॅरेजवाल्याची होती. शहराच्या फुटबॉल संघाच्या चाहत्यांचा हा म्होरक्या. दुसऱ्या हातात ट्रकच्या चाकाचे नट सोडवायचा हातभर लांब पाना. त्याच्या मागे पंधरा-वीस जण, आणि त्यांच्या मधोमध संघाचा गोलरक्षक. त्याला घरातून उचलून आणलं होतं. एक डोळा सुजून मिटला होता, खालचा ओठ फाटला होता, पायात एकच चप्पल होती. दारावरचा पहारेकरी जिन्यात डोकं धरून बसला होता आणि त्याच्या बोटांमधून रक्त ठिबकत होतं.

गॅरेजवाल्यानं कॉलर सोडून आजचा पेपर टेबलावर आपटला. "हे तू लिहिलंस?"

लिहिलं त्यानंच होतं. परगावी झालेला अंतिम सामना, अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला खाल्लेला गोल, आणि मग ते वाक्य : 'चेंडू जाळ्यात गेला आणि आमचा गोलरक्षक माझ्या डोळ्यांदेखत हसला.' सामना विकला, असं त्यानं लिहिलं नव्हतं. तेवढं लोकांनी आपापल्या मनानं वाचून घेतलं.

बातमीच्या वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'आमच्या प्रतिनिधीकडून, मैदानावरून.' आमचे प्रतिनिधी दोन वर्षांत परगावच्या एकाही मैदानावर फिरकले नव्हते. आधी विमान बंद झालं, मग हॉटेल, मग बस, आणि शेवटी जेवणाचा भत्ताही. "टीव्हीवर उलट जास्त जवळून दिसतं," असं संपादक म्हणाले होते. 'मैदानावरून' हा शब्द तेवढा राहिला, कारण तो छापायला काही खर्च येत नव्हता. बातमीदारही या कामात पुरता मुरला. ऑफिसच्या पंख्याखाली बसून तो मैदानावरचा बोचरा वारा लिहायचा. वाचकांना तो वारा फार आवडायचा.

आज सकाळी मात्र त्याचं धाबं दणाणलं होतं. रेकॉर्डिंग पुन्हा बघताना त्याला दिसलं, की हसणाऱ्या गोलरक्षकाचे हातमोजे पांढरेशुभ्र आहेत. गोल झाला तेव्हा ते चिखलानं काळे झालेले होते. सामन्याआधी हात मिळवतानाचं ते हसू टीव्हीवाल्यांनी गोलनंतर मध्येच दाखवलं होतं. मैदानावर बसलेल्या माणसाकडून ही चूक झालीच नसती. तो धावत संपादकांकडे गेला.

"खुलासा छापला तर लोक विचारतील, तुमचा माणूस तिथे बसून काय माशा मारत होता?" संपादक म्हणाले. "गप्प बस. दोन दिवसांत विसरतील सगळे."

त्यानंतर दोन तासही झाले नव्हते.

दोघांनी गोलरक्षकाचा उजवा हात टेबलावर दाबून धरला. गॅरेजवाल्यानं पाना त्याच्या बोटांवर टेकवला.

"हा हात पुन्हा गोलपुढे उभा राहणार नाही," तो बातमीदाराला म्हणाला. "पण लिहिलेलं वेगळं आणि तोंडावर सांगितलेलं वेगळं. याच्याकडे बघून बोल. हसला का हा?"

"साहेब," गोलरक्षक म्हणाला. तोंडातल्या रक्तामुळे शब्द धड फुटत नव्हते. "तुम्ही वर प्रेस बॉक्समध्ये होतात ना? सांगा ना यांना. टीममधले सगळे फोन बंद करून बसलेत हो. आता तुम्हीच आहात."

मागून कुणीतरी त्याच्या बरगडीत लाथ घातली. तो टेबलावर कोसळला, तरी त्याची नजर बातमीदारावरच होती.

बातमीदाराला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. काचेच्या केबिनमधून संपादक दोन्ही हातांनी 'नको, नको' करत होते. खरं बोललं तर नोकरी जाणार होती, पेपरची अब्रू जाणार होती, आणि तो पाना कदाचित त्याच्याच डोक्यात बसणार होता. बसू दे, त्याला वाटलं. दोन वर्षं खोट्यावर पोट भरलं, आता त्यापायी दुसऱ्याचा हात जायला नको. तो उठून उभा राहिला.

"हा हसला नाही."

गॅरेजवाल्यानं पाना बोटांवरून उचलला आणि तो पुढे वाकला. "नक्की? तू पाहिलंस?"

"नाही," बातमीदार म्हणाला. आता थांबायचं नाही, असं त्यानं ठरवलंच होतं. "मी तिथे नव्हतोच. आम्हाला दोन वर्षं कुणी पाठवतच नाही. मी या खुर्चीत बसून टीव्हीवर बघितलं आणि लिहिलं. ते हसू आधीचं होतं, त्याचे हातमोजे बघा, पांढरे..."

त्याला हलकं हलकं वाटलं. किती दिवसांनी तो खरं बोलला होता! गोलरक्षकानं मात्र उघडा होता तो डोळाही मिटून घेतला.

गॅरेजवाल्यानं पाना फुटलेल्या टीव्हीकडे रोखला.

"टीव्ही आमच्याही घरी आहे," तो म्हणाला. "त्यात तर हा हसतानाच दिसला. तरी माझं मन मानत नव्हतं. म्हटलं, तिथे असलेल्या माणसाला एकदा विचारू, तो नाही म्हणाला तर सोडून देऊ... धरा रे याचा हात घट्ट."