पुसलेला शब्द

"बाई, ही बरणी बघा!" क्लारा ज्यांच्याकडे राहायची, त्या पेठेकाकूंनी लोणच्याची रिकामी बरणी माझ्या टेबलावर आपटली. "तुमच्या अमेरिकन पोरीनं एकटीनं संपवली. कांदा परतायला घेतला की तोंड दाबून पळते. काहीतरी लपवतेय, असं वाटतच होतं मला. आणि काल हळूच म्हणते, 'काकू, मला दिवस गेले.'"

मला हसू आवरेना. परदेशी मुलांच्या उन्हाळी मराठी वर्गात दरवर्षी कुणीतरी असा घोळ घालतंच. मुक्काम संपत आला होता, म्हणून 'दिवस कसे गेले, कळलंच नाही' हे वाक्य मीच त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं.

"हसा," काकू म्हणाल्या. "तुम्ही व्याकरण बघता, मी पोरीचा चेहरा बघते."

वर्ग सुटल्यावर क्लाराला थांबवून मी फळ्यावर लिहिलं, 'मला दिवस गेले.' मग त्यातला पहिला शब्द पुसला. "हा लावायचा नाही गं. लावला की 'मी गरोदर आहे' असा अर्थ होतो."

ती हसेल म्हणून मी वाट पाहिली. तिनं माझ्या हातातला खडू घेतला आणि पुसलेल्या जागी पुन्हा लिहिलं, 'मला.'