माणशी डाळ

“डाळ लिहूच नोका मॅडम,” किसनरावांनी आधीच बजावलं. “आमी डाळ खातच नाही.”

समता मोताळ्याहून आली होती. महागाईनं गरिबाच्या ताटातलं काय काय कमी झालं, ते धामणगाव बढ्यात घरोघर विचारायचं, हे तिचं काम. पण ओसरीवर टेकते न टेकते तोच म्हातारा हा असा! जास्त सांगितलं की राशनचं कार्ड कटते, असं गावात कोणीतरी उठवलं होतं, झालं.

“बाबा, कार्डाशी याचा काही संबंध नाही. गेल्या सात दिवसांत घरात काय शिजलं, तेवढंच सांगा.”

“ठेचा लिहा.”

आत भाकर थापणाऱ्या तानाबाईंचा हात थांबला. घरधनी परक्या माणसाला सांगतो, आपल्या घरी डाळ शिजत नाही? मग घरात बाई आहे कशाला? त्या पिठाच्या हातानंच बाहेर आल्या.

“काहून खोटं बोलून राह्यले हो? मॅडम, तुमी लिहा. तुरीची डाळ, हप्त्याले अर्धा किलो. भाव आभाळाले भिडो, यायच्या ताटात दोन्ही टाइम डाळ वाढतो मी. म्हणे ठेचा!”

बायको तापली की तोंड उघडायचं नाही, एवढी अक्कल संसारानं किसनरावांना शिकवली होती.

समतानं लिहून घेतलं. “अर्धा किलो. घरात माणसं दोन. म्हणजे माणशी पाव किलो.”

“बराबर,” तानाबाई लगबगीनं म्हणाल्या. “आता तेलाचं विचारा.”

“थांबा जरा,” किसनराव म्हणाले. “पाव किलो कशी? मी तं सकाळ-संध्याकाळ दोन दोन वाट्या खातो. अर्धा किलो मले एकट्यालेच लागते.”

ते बायकोकडे पाहत राहिले. ती नेहमी त्यांच्या मागून जेवायची. तिच्या ताटात काय असते, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

“मले बाधते डाळ,” तानाबाई म्हणाल्या. “पोट फुगते.”

“हो? भाऊरावच्या पोराच्या लग्नात तीन द्रोण वरण ओरपलं, तवा नाही फुगलं काय वं?”

“लोकाच्या लग्नातलं बरं ध्यानात राहते तुमाले!” असं म्हणून तानाबाईंनी तोंड फिरवलं. किसनराव हसले खरे, पण म्हाताऱ्याला लाज वाटली होती. लय वाटली होती.

समतानं आकडा खोडला. हळूच विचारलं, “मग डाळ खाणारं माणूस एकच लिहू का बाबा?”

“दोन लिहा.”

“पण मी गेल्या हप्त्याचं विचारतेय.”

“मंग पुढच्या हप्त्यात येजो पोरी,” किसनराव म्हणाले. उठून आत गेले, फळीवरून दोन ताटं काढली अन् शेजारी शेजारी मांडली.