पुढे सरका

चौदा महिने झाले तरी लेक दाराची चौकट सोडायला तयार नव्हती. धरून उभी राहायची, गालातल्या गालात हसायची, पण पाऊल टाकायची नाही. आजी रोज पायांना तेल चोळायची आणि शेजारीण रोज विचारायची, "अजून नाही? आई दिवसभर एसटीत तिकिटं फाडणार, मग लेकराला चालवणार कोण?"

ते बोलणं आईला भरल्या गाडीतही टोचत राहायचं.

त्या दुपारी ती ड्यूटीवरून आली, अंगावर खाकी, गळ्यात बॅग, डोळ्यांत झोप. दारात वाट अडवून कुणीतरी उभं. सवयीनं तिचा आवाज चढला, "ओ ताई, दारात उभं राहू नका! पुढे सरका, पुढे सरका!"

ताईंनी वर पाहिलं आणि चौकट सोडली. डुलत डुलत एक पाऊल, दुसरं, तिसरं, थेट आजीच्या मांडीपर्यंत.

आईनं उंबऱ्यातच बसकण मारली, हसत आणि रडत.

आजीनं नातीला कवटाळलं आणि शेजारच्या भिंतीकडे तोंड करून मोठ्यांदा म्हणाली, "सहा महिने मी तेल चोळतेय, अन् ही बया ऐकते कंडक्टरचंच!"