डोंगरापलीकडचं दुकान

कॅनडाहून या डॉमिनिका बेटावर शिकवायला आल्यापासून एक गोष्ट मला चांगलीच कळली होती. इथे कुणी शिंकलं, तरी गल्लीच्या दुसऱ्या टोकावरून औषध सांगतात. म्हणून गरोदरपणाची चाचणी करायचं किट आणायला मी आमच्या गावातलं दुकान सोडून, मिनीबसने थेट डोंगरापलीकडच्या गावी गेले. तिथल्या औषधवालीच्या कानाशी लागून कुजबुजले.

"आधी गुड मॉर्निंग म्हण, पोरी. माणसं बसलीयत इथे."

म्हटलं. अख्ख्या दुकानाने खणखणीत आवाजात उलट गुड मॉर्निंग म्हटलं. मग तिने मला नीट न्याहाळलं आणि काउंटरखालून तयार बांधून ठेवलेली पुडी काढली.

"तूच ना टीचर मॉरीन? तुझ्या शेजारच्या मिस युलालीचा फोन आला होता. रविवारी तू तिच्या तळलेल्या माशाला नाक मुरडलंस म्हणे. तेव्हाच ओळखलं तिने. म्हणाली, लाजरी आहे आमची टीचर, गावातल्या दुकानात घ्यायची नाही. तुझ्याकडेच येईल, बाजूला काढून ठेव."

मी गुपचूप पुडी पर्समध्ये कोंबली.

"घरी जाऊन बघ हवं तर," ती म्हणाली. "पण मुलगी आहे म्हणे."