घरातली रेघ

वहिनीनं टेपचं टोक फरशीला दाबून धरलं आणि नणंदेनं टेप भिंतीवरून वर ओढली. चिखलाची रेघ तिच्या गळ्याशी येत होती. आकडा तिनं मोठ्यानं वाचला, मोबाइलमध्ये भरला. नणंद-भावजयींनी मिळून असली मोजणी करायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

बाहेरच्या भिंतींवर लाटांचे शिंतोडे असतात. पाण्याची खरी पातळी उमटते ती घरात. म्हणून समुद्र कुठवर चढेल याचं कॉम्प्युटरवर मॉडेल करणारे लोक पूर ओसरल्यावर घराघरांत शिरून भिंती मोजतात. नणंद त्यांच्यातलीच एक. या घरी दुसऱ्या कुणाला पाठवतो, असं तिचे ऑफिसातले साहेब म्हणाले होते. हीच हट्टाला पेटली.

दादा तिला कौतुकानं ‘वेधशाळा’ म्हणायचा. वादळाच्या आदल्या दिवशी त्यानं फोन केला, तेव्हा पाणी बांधाच्या खालीच राहील असं तिनं छातीठोकपणे सांगितलं होतं. मॉडेलमध्ये भरती होती, वाऱ्यानं फुगलेला समुद्र होता. फक्त लाटा धरलेल्या नव्हत्या. त्या धरल्या की गणित संपता संपत नाही आणि इशारा द्यायची वेळ टळून जाते, म्हणून घाईत सगळेच त्या वगळतात. पाणी तिच्या शब्दाला जागलं, बांधाखालीच राहिलं. बांध ओलांडला तो लाटांनी. बायको-मुलांना उंचावरच्या शाळेत पोचवून दादा घर राखायला परत आला होता. सापडला तो पाणी ओसरल्यावर, गल्लीच्या टोकाला.

“एक विचारू?” वहिनी म्हणाली. “तुला यातलं कळतं. पाणी घरात कसं शिरलं गं? ह्यांना निघायला वेळ होता का?”

लाटा धरून केलेलं नवं गणित नणंदेनं पाहिलं होतं. पाणी हळूहळू चढलं होतं, लाटेलाटेनं. सुरुवातीला तर माणूस आरामात चालत निघून गेला असता.

“नाही वहिनी. एकदम आलं. त्याला काही कळलंच नसेल.”

बोलता बोलता तिला रडू फुटलं. हे खोटं वहिनीसाठी की स्वतःसाठी, ते तिचं तिलाही कळेना.

स्टुलावर चढून वहिनीनं माळ्यावरची शिलाई मशीनची लाकडी पेटी कडेला ओढली. पेटी वरून कोरडी ठणठणीत होती. खाली मात्र वीतभर उंचीवर चिखलाची रेघ होती.

“ही पलंगाखाली असते, जमिनीवर,” वहिनी म्हणाली. “घरात एवढं पाणी होतं, तरी ते माझं मशीन वर चढवत बसले. पळाले नाहीत.”

तिनं टेपचं टोक पेटीच्या तळाशी धरलं.

“घे, हीपण मोज.”

नणंदेनं टेप रेघेपर्यंत नेली. आकडा पाहिला आणि न वाचताच मोबाइलमध्ये भरायला घेतला.

“वाच ना,” वहिनी म्हणाली. “मोठ्यानं वाच.”